सावकाश होऊ द्या

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझे आणि यंत्रांचे सख्य किती आहे ते चांगले ठाऊक आहे. इस्त्रीची वायर जळाली तेव्हा मी आठवडाभर चुरगळलेला सदरा घालून हिंडलो, पण पान्याला हात लावला नाही, हा वृत्तांत याच पानावर येऊन गेला आहे. अशा माणसाच्या घरात यंदा, ऐन गणपतीच्या दिवसांत, चक्क एक सर्व्हर बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला. दिवाणखान्यातल्या कपाटावर, आमच्या तीर्थरूपांच्या तसबिरीखाली, पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी आहे. तिच्यात एक हिरवा दिवा लुकलुकतो आणि घरातल्या चार माणसांना ती हवे ते, हवे तेव्हा आणि हवे तेवढेच वाढते.

हे कसे घडले ते सांगायचे, तर आधी एका कॅसेटची गोष्ट सांगितली पाहिजे.

१९९० च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. लग्नात व्हिडिओ काढणे ही तेव्हा नवी चैन होती. आमच्या वडिलांचा तिला सक्त विरोध. "लग्न लावायचं आहे का सिनेमा काढायचा आहे?" हा त्यांचा प्रश्न. शेवटी मुलाकडच्यांनीच व्हिडिओवाला आणला, आणि वडिलांनी त्याचा निषेध म्हणून दिवसभर कॅमेऱ्याकडे पाठ ठेवली. तीन तासांच्या त्या चित्रणात कार्यालयातला पंखा आहे, उपाध्यायांची शेंडी आहे, कोणाची कोण लागते हे आज कोणालाच सांगता येत नाही अशी एक रडकी मुलगी आहे. वडील मात्र सतत चौकटीच्या बाहेर. फक्त एकदाच, पंगतीच्या वेळी, कॅमेरा जिलबीच्या ताटामागून गेला आणि ते ताट नेमके त्यांच्या हातात होते. ते वाकून एका व्याह्यांना आग्रह करतात आणि म्हणतात, "अहो, पान रिकामं दिसतंय तुमचं! घ्या, एक घ्या. सावकाश होऊ द्या, मंडळी." मोजून अकरा सेकंद.

तीन वर्षांनी वडील गेले. त्या काळी खिशाखिशात कॅमेरे नव्हते. त्यांचा आवाज कोठे उरला असेल, तर तो त्या अकरा सेकंदांत.

यंदा श्रावणात एका संध्याकाळी आमची आई नातीच्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, "अगं, ह्यांचा चेहरा रोज दिसतो तसबिरीत. पण आवाज परवापासून आठवून बघतेय, काही केल्या कानात येत नाहीये." आईचे वय शहाऐंशी. ही गोष्ट तिने मला सांगितली नाही, सौ.ला सांगितली नाही, नातीला सांगितली. आणि आमच्या कन्येने ती मला रात्री जिन्यात उभे करून सांगितली.

कॅसेट माळ्यावर होती. ती लावायचे यंत्र मात्र कधीच भंगारवाल्याच्या गाडीवरून गेले होते. या व्हीएचएस पद्धतीच्या कॅसेटी जपानात १९७६ साली निघाल्या. त्या लावण्याची यंत्रे बनवणारा शेवटचा मोठा जपानी कारखानदारही २०१६ च्या जुलैत थांबला. कॅसेटीतली फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा लेप. आपल्याकडच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते, लेप सुटू लागतो, आणि एक दिवस चित्राच्या जागी नुसता पाऊस पडतो. आमच्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसू लागलीच होती. वाचकहो, आपल्याही माळ्यावर अशी कॅसेट असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती आधी खाली काढा. फराळ चार दिवस थांबू शकतो, बुरशी थांबत नाही.

एका दुकानदाराने पंधरा दिवस लावून ती फीत पुसली, चालवली आणि तिची एक फाइल करून पेन ड्राइव्हवर दिली. तीन तासांची, जवळजवळ चार जीबीची एकच अखंड फाइल. मला वाटले, संपले काम. दिवाणखान्यातल्या टीव्हीला तो पेन ड्राइव्ह लावायचा, आईला बोलवायचे आणि दाखवायचे.

कन्या म्हणाली, "बाबा, आजीला ते चारचौघांत बघायचं नाहीये."

हे मला सुचले नव्हते. आईच्या खोलीत टीव्ही नाही. भाच्याने दिलेला एक टॅब्लेट आहे, त्यावर ती कीर्तने ऐकते. त्याला पेन ड्राइव्ह लावायची सोय नाही आणि त्याच्या पोटात चार जीबीला जागाही नाही. मग मी दुसरी युक्ती काढली : यूट्यूबवर टाकून द्या. त्यावर बहिणीचा फोन आला. "दादा, माझं लग्न जगाला दाखवायचं नाही. तो अंबाडा तर मुळीच नाही." तिचे म्हणणे रास्त होते. आणि विचार केला, तर पलीकडच्या खोलीत मीठ द्यायचे म्हणून ते आधी दूरदेशीच्या कोठारात पाठवायचे आणि तेथून चिमूट चिमूट परत मागवायचे, हा कारभार तरी काय शहाणपणाचा?

"आपण घरातच सर्व्हर लावू," कन्या म्हणाली.

सर्व्हर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर बँकेतली काचेची बर्फगार खोली येते. "सर्व्हर डाउन आहे, उद्या या," हे वाक्य ऐकून मी जितक्या वेळा घरी परतलो आहे तितक्या वेळा सत्यनारायणाच्या प्रसादालाही गेलेलो नाही. पण कन्येने एका वाक्यात माझी भीती घालवली. "बाबा, सर्व्हर म्हणजे वाढपी. मागेल त्याला मागेल ते वाढायचं, एवढंच त्याचं काम."

वाढपी! मग ते मला समजू लागले.

आपल्या घरात इंटरनेटवाल्याने बसवलेला जो राउटर असतो, तो नुसता बाहेरच्या जगाचा दरवाजा नव्हे. तो घरातल्या यंत्रांचा आपसातला चौकही आहे. टीव्ही, टॅब्लेट, फोन, सर्वांना तो घरगुती पत्ते देतो. बहुतेक घरांत ते १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. मी विचारले, "सगळ्या घरांत एकच पत्ता असेल तर घोटाळा नाही का होत?" त्यावर कन्या म्हणाली, "'आई' अशी हाक घराघरांत मारतात, पण प्रत्येक घरात ओ देणारी आई निराळीच असते ना?" १९९६ साली इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी असे काही पत्ते घरगुती वापरासाठीच राखून ठेवले; ती हाक उंबरठ्याबाहेर जात नाही. तिने बाहेरून येणारी तार उपसून दाखवली. इंटरनेट बंद, पण घरातल्या घरात सारे चालू. डेटाचा एक पैसा नाही आणि अंबाड्याची बेअब्रूही नाही.

वाढपी म्हणून तिने आणली ती रास्पबेरी पाय नावाची डबी. इंग्लंडात शाळकरी मुलांना संगणक शिकता यावा म्हणून २०१२ साली हे छोटे संगणक निघाले. वीज खाते ते रात्रीच्या दिव्याइतकी, काही वॅट. घरात अडगळीत पडलेला जुना लॅपटॉपही हे काम करतो, हे मला डबीचे पैसे दिल्यावर सांगण्यात आले. असो.

पहिल्या दिवशी कन्येने एका प्रोग्रामिंग भाषेबरोबर फुकट मिळणारा, चाचणीपुरता सर्व्हर एका ओळीत सुरू केला. आईच्या टॅब्लेटवर पत्ता टाकला, आणि एक गोल चक्र फिरू लागले. ते फिरतच राहिले. दहा मिनिटांनी आई म्हणाली, "सुदर्शन चक्र आहे का रे हे?"

दोष निघाला तो फाइलीत. चित्रफितीच्या फाइलीत नुसती चित्रे नसतात. कोणते चित्र कोठे आहे, याची एक अनुक्रमणिकाही असते. ती वाचल्याशिवाय यंत्राला पहिले चित्रही दाखवता येत नाही. फाइल तयार करताना ही अनुक्रमणिका साहजिकच शेवटी लिहिली जाते, कारण पुस्तक पुरे झाल्याशिवाय पानांचे आकडे कळणार कसे? त्यामुळे आमचा टॅब्लेट बिचारा चार जीबीचे सारे पुस्तक उलटून शेवटच्या पानाची वाट पाहत होता. यावर एफएफएमपेग नावाच्या फुकट अवजारात तोडगा आहे. त्याला 'फास्टस्टार्ट' अशी एक सूचना दिली की ते शेवटची अनुक्रमणिका उचलून पुढे आणून ठेवते. चित्राला धक्का लागत नाही, काम मिनिटांत होते. घरची चित्रफीत घरात वाढणाऱ्या कोणीही हे आधी करावे.

दुसऱ्या दिवशी चित्र झटकन सुरू झाले. आई उशीला टेकून बसली. पण आता नवेच विघ्न. वडिलांचे ते अकरा सेकंद येतात १ तास ५२ मिनिटांनंतर. पडद्याखालच्या रेघेवर बोट ठेवून तेथवर सरकवावे, तर चित्र एकदम पहिल्यापासून सुरू! पुन्हा सरकवावे, पुन्हा गणेशपूजन. आई म्हणाली, "राहू दे रे, बघते मी सगळं." आणि ती खरोखर बसली. सीमांतपूजन झाले, मंगलाष्टके झाली, रडकी मुलगी दोनदा रडून गेली. पावणेदोन तासांनी मी दाराशी जाऊन पाहतो, तो आईचा डोळा लागलेला आणि टॅब्लेटवर पंगत मांडली जात होती. मी तिला हाक मारीपर्यंत जिलबीचे ताट येऊन गेले. ती दचकून उठली आणि म्हणाली, "झालं का?" मी हो म्हणालो. मागे सरकवू गेलो, तो पुन्हा गणेशपूजन.

त्या रात्री मला चमत्कारिक राग आला. तीन तासांच्या कॅसेटीला निदान मागे-पुढे करायची बटणे तरी होती!

कन्येने मात्र चूक ओळखली होती. "बाबा, हा वाढपी नवशिका आहे. ह्याला पान मिठापासूनच वाढता येतं. 'मला एकदम जिलबी वाढ' म्हटलं तर ह्याला कळतच नाही."

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात तिला एचटीटीपी म्हणतात. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी ती प्रथम मांडली, तेव्हा तिच्यात आज्ञा एकच होती : 'दे'. अमुक कागद दे, म्हणजे सबंध कागद दे. पुढे १९९७ साली नियम वाढले आणि मागणाऱ्याला म्हणता येऊ लागले, 'या फाइलीतले इतक्या क्रमांकाच्या बाइटपासून इतक्या क्रमांकाच्या बाइटपर्यंत दे.' जाणता सर्व्हर यावर २०६ हा आकडा उच्चारतो, म्हणजे 'हा घ्या मागितलेला तुकडा', आणि तेवढेच वाढतो. नवशिका ती पुरवणी ऐकूनच घेत नाही. तो २०० म्हणतो, म्हणजे 'हे घ्या सबंध', आणि पुन्हा मिठापासून सुरुवात करतो. आमच्या गणेशपूजनाचे रहस्य हे होते. आपण रेघेवर बोट ठेवून चित्र पुढे ढकलतो, तेव्हा पडद्याआड याच २०६ ची देवघेव चाललेली असते.

तेव्हा आता जाणता वाढपी हवा, पण डबीत मावेल इतका हलका. कन्येने निवडला तो लाइट-टीपीडी. त्याला लाडाने 'लायटी' म्हणतात. यान क्नेश्के नावाच्या जर्मन गृहस्थांनी २००३ मध्ये तो लिहायला घेतला. त्या सुमारास संगणकवाल्यांना एका कोड्याने पछाडले होते. १९९९ साली डॅन केगेल यांनी ते मांडले : एकाच यंत्रावर एकाच वेळी दहा हजार माणसे मागायला आली, तर वाढायचे कसे? जुनी रीत अशी की प्रत्येक पाहुण्यामागे एक वाढपी उभा करायचा. दहा हजार पाने आणि दहा हजार वाढपी! कार्यालयात पाहुण्यांना उभे राहायला जागा उरायची नाही. क्नेश्क्यांच्या लायटीची रीत आपल्या पंगतीसारखी. मोजके वाढपी, पण नजर साऱ्या पंगतीवर. ज्याचे पान रिकामे झाले त्याच्याकडे वळायचे, त्याचे वाढून झाले की पुढे. पाहुणा घास चावत असेल तोवर त्याच्यापुढे तिष्ठत उभे राहायचे नाही. त्यामुळे स्मरणशक्ती थोडी लागते आणि काम पुष्कळ होते. यूट्यूब लहान होते तेव्हा त्यांनीही आपल्या चित्रफिती वाढायला याच लायटीला उभे केले होते.

आमच्या घरी दहा हजार पाहुणे नाहीत. चारच आहेत, आणि त्यांतला एक अस्मादिक. पण मोठी पंगत सांभाळायला शिकलेला वाढपी चार पानांना काय भारी? चित्रफीत कोणत्या कपाटात आहे आणि कोणत्या दाराशी उभे राहायचे, एवढे चार ओळींत सांगितले की तो कामाला लागतो.

कन्या घरभर "आजी, लायटी लावली!" असे ओरडत आली तेव्हा आई म्हणाली, "अगं, आत्तापासून कशाला? दिवाळीला अवकाश आहे."

मग कन्येने आजीसाठी एक पान केले. त्यावर अक्षरे नाहीत, रेघा नाहीत. पंगतीचे एक मोठे चित्र तेवढे. त्याला बोट लावायचे. पत्त्याच्या शेवटी सेकंदांचा आकडा जोडता येतो म्हणे. तिने तेथे ६७३० घातले. चित्रावर बोट ठेवले की गणेशपूजन नाही, मंगलाष्टके नाहीत, थेट जिलबीचे ताट.

आईने बोट ठेवले. आम्ही दोघे दाराशी होतो. वडील वाकले आणि म्हणाले, "अहो, पान रिकामं दिसतंय तुमचं! घ्या, एक घ्या. सावकाश होऊ द्या, मंडळी."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मठ्ठा पातळ झाला होता त्या दिवशी. मी म्हटलं होतं यांना." आणि थोड्या वेळाने, आमच्याकडे न बघता, "पुन्हा कसं लावायचं ते दाखव आणि जा तुम्ही."

ज्यांना असे काही घरी करायचे असेल, त्यांना आमच्या ठेचांचा उपयोग व्हावा म्हणून दोन-चार गोष्टी सांगतो. चित्रफीत एमपी४ फाइलीत आणि एच.२६४ या पद्धतीने घेतलेली असावी. ती बहुतेक सगळे फोन आणि टीव्ही वाचतात. डबीचा घरगुती पत्ता राउटरमध्ये कायमचा करून ठेवावा. आमच्याकडे एकदा वीज गेली, आली, आणि राउटरने डबीला नवाच पत्ता दिला. सारी सकाळ आईचा टॅब्लेट जुन्या पत्त्यावर हाका मारीत बसला होता. बाहेरच्या जगासाठी या डबीचे दार उघडू नये. घरचा वाढपी घरातच राहू द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ फाइलीच्या दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी. डबी वाढते, पण राखत नाही. आमची एक प्रत बहिणीच्या कपाटात आहे, अंबाड्यासकट.

लेख येथेच संपायचा. पण परवा कन्येने मला एक वही दाखवली. सर्व्हरला अशी वही ठेवता येते, तिला लॉग म्हणतात : कोणत्या यंत्राने, किती वाजता, काय मागितले आणि आपण काय उत्तर दिले. फोनवर सौ. बहिणीच्या लग्नातल्या साड्या पाहते, तीही नोंद तेथे आहे. मी चोरून मुंजावळीचे जेवण पाहिले, तीही आहे. आणि आईच्या टॅब्लेटपुढे रोज पहाटे साडेचारच्या आगेमागे एक नोंद आहे. तीच फाइल, तेच उत्तर : २०६. काही दिवशी लागोपाठ तीन-चार वेळा. एकही दिवस खंड नाही.

साडेचारला वडील उठत असत. बंब पेटवीत आणि आईला हाक मारीत.

आईला मी याविषयी काही विचारलेले नाही, आणि कन्येलाही सांगून ठेवले आहे. वाढप्याने वाढावे; कोणी काय आणि किती घेतले ते पंगतीत बोलू नये. एवढी रीत आमच्या घरात आधीपासून आहे. कन्येने त्या दिवसापासून वही ठेवणेच बंद करून टाकले.

नरकचतुर्दशीला यंदा सगळे घर पहाटे उठेल. त्या दिवशी तरी आईच्या आधी उठून बंब, म्हणजे आताचा गीझर, मी लावणार आहे. वाचकहो, तुमच्याही घरी फराळाची ताटे मांडली जातील, पाहुणे येतील, आग्रह होईल. कोणाचा तरी आवाज त्या वेळी खिशातल्या यंत्रात धरून ठेवा, आणि धरलेला नीट जपा.

बाकी, सावकाश होऊ द्या, मंडळी.